गाडी किती उचलावी? मोठ्या टायरसाठी ‘लिफ्ट किट’ निवडताना

प्रतिनिधी, पुणे

पावसाळा सुरू झाला की खडकवासल्याकडून पानशेतकडे जाणाऱ्या रस्त्यावर ‘फोर बाय फोर’ गाड्यांची वर्दळ वाढते. पानशेतच्या पुढे धरणाच्या फुगवट्याच्या कडेने शिरकोली, टेकपोळे, घोळ अशा गावांकडे निघाले, की डांबरी सडकेला फुटलेल्या कच्च्या वाटा लागतात. पावसात त्या वाटांवर चाकोऱ्या पडतात आणि मधला उंचवटा गाडीच्या पोटाला घासू लागतो. गावातील पिकअपमालक वर्षभर याच वाटांनी माल वाहतो; शहरातील हौशी चालक सुटीच्या दिवशी तेथे येतो. दोघांपुढे प्रश्न मात्र एकच असतो. टायर मोठे घालावेत काय आणि त्यांसाठी गाडी उचलावी काय?

गाडीची उंची वाढविणाऱ्या सुट्या भागांच्या संचाला ‘लिफ्ट किट’ म्हणतात. गराजमध्ये ‘दोन इंची’, ‘तीन इंची’ अशा भाषेत त्याचा सौदा होतो. परंतु किती इंच, हा शेवटचा प्रश्न असावयास हवा. आधी टायर ठरवावा आणि तो बसण्यासाठी जेवढी उंची लागेल तेवढीच वाढवावी, हा यातील पहिला नियम होय.

उंची नेमकी कोठे वाढते?

येथे बहुतेकांची गल्लत होते. पाटे किंवा स्प्रिंग बदलून गाडी उचलली, की चासी आणि बॉडी वर जाते. अखंड अ‍ॅक्सल असलेल्या गाडीत डिफरन्शियलचा गोळा मात्र होता तेथेच राहतो. चिखलातील दगड बहुधा त्यालाच लागतो. तो वर नेण्याचे काम फक्त टायर करतो आणि तेही व्यासात जेवढी वाढ होते तिच्या निम्म्यानेच.

हिशेब सोपा आहे. २४५/७० आर १६ या मापाच्या टायरचा व्यास सुमारे ७४९ मिलिमीटर भरतो. २६५/७५ आर १६ चा व्यास सुमारे ८०४ मिलिमीटर होतो. व्यासात ५५ मिलिमीटरची वाढ झाली. पण अ‍ॅक्सल जमिनीपासून उचलला गेला तो अवघा २७ मिलिमीटर. लिफ्टचा खरा उपयोग हा मोठा टायर मडगार्डला न घासता फिरावा, यासाठी जागा करण्याचा. शिवाय चढाला लागताना आणि उतरून सपाटीला येताना बंपर व पोट टेकण्याची शक्यता तिने कमी होते.

किटचे प्रकार

स्पेसर हा सर्वांत स्वस्त उपाय. मूळ स्प्रिंगच्या वर धातूची किंवा कठीण रबराची चकती बसवून २०-३० मिलिमीटर उंची मिळविली जाते. शॉकअ‍ॅब्सॉर्बर मात्र जुनेच राहतात. त्यामुळे चाक खाली लोंबण्याची मर्यादा कमी होते आणि खड्ड्यांत गाडी आपटते. गुळगुळीत रस्त्यावर जाणवत नाही, ते कच्च्या वाटेवर लगेच जाणवते.

दुसरा प्रकार नवे स्प्रिंग, पाटे आणि त्यांना जुळणारे शॉकअ‍ॅब्सॉर्बर असा पूर्ण संच. ओल्ड मॅन इमू, आयर्नमॅन या ऑस्ट्रेलियन नावांचे संच हौशी मंडळींत परिचित आहेत. साधारण ४० ते ५० मिलिमीटरची वाढ देणारा असा संच बहुतेकांना पुरतो. तो घेताना गाडीवर कायम किती वजन असते, हे विक्रेत्याला सांगावे. रिकाम्या गाडीला जड मालासाठीचे पाटे घातले तर ती उडत चालते. भरलेल्या गाडीला हलके पाटे घातले तर वाढविलेली उंची मालाखाली बसून जाते.

मागील पाट्यांची उंची वाढविण्याच्या स्थानिक युक्त्याही आहेत. जादा पाटा घालणे, लांब शॅकल लावणे किंवा पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये ठोकळा ठेवून लांब यू-बोल्ट कसणे. शॅकल ५० मिलिमीटरने लांबविली तरी उंची साधारण निम्मीच वाढते आणि अ‍ॅक्सल किंचित फिरल्याने प्रॉपेलर शाफ्टचा कोन बदलतो. ठोकळा मागील बाजूस चालू शकतो; पुढील अ‍ॅक्सलवर तो घालणे धोक्याचे आहे. ब्रेक मारताना तेथे येणारा पीळ ठोकळा सरकवू शकतो आणि स्टिअरिंगचा ताबाच जाऊ शकतो.

‘बॉडी लिफ्ट’मध्ये चासी व बॉडी यांच्या दरम्यान ठोकळे येतात. टायरला जागा मिळते, परंतु चासी जमिनीपासून तेवढीच राहते. स्टिअरिंगचा दांडा, गिअरचा दांडा, रेडिएटरच्या नळ्या यांची लांबी त्यामुळे अपुरी पडू शकते.

पुढची चाके कशी आहेत?

जुन्या कमांडर जीपला चारही बाजूंस पाटे होते. तेथे काम सोपे होते. आजच्या बहुतेक पिकअप तशा नाहीत. इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस किंवा २०२२ मध्ये भारतात आलेली टोयोटा हायलक्स यांना मागे पाटे असले तरी पुढील चाके स्वतंत्र स्प्रिंगवर आहेत. अशा गाडीत ५० मिलिमीटरच्या पुढे उंची नेली, की चाकाला शक्ती देणाऱ्या शाफ्टचे सांधे तिरपे चालू लागतात. त्यांवरील रबरी टोप्या फाटतात, आत चिखल जातो आणि सांधा निकामी होतो. चाकांचा कल इतका बदलतो, की मूळ वरच्या आर्मने अलाइनमेंट जुळत नाही. तेव्हा नवे आर्मही लागतात आणि खर्च वाढत जातो.

घाटात काय होते?

पानशेतकडून कादवे घाट चढून वेल्ह्याकडे जाताना वळणे अरुंद आहेत. उंच गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो आणि वळणावर उलटण्याची शक्यता वाढते. चाकांतील अंतर १५०० मिलिमीटर आणि गुरुत्वमध्य ७०० मिलिमीटरवर असेल, तर अंतराला दुप्पट उंचीने भागून येणारा स्थैर्याचा अंक १.०७ येतो. हाच मध्य ७५ मिलिमीटरने चढला तर तो ०.९७ होतो. म्हणजे स्थैर्य सुमारे एक-दशांशाने घटले. टपावर सामान बांधले, तर ते आणखी घटते.

ब्रेकचाही विचार आवश्यक आहे. वरील उदाहरणात टायर सात टक्क्यांनी मोठा झाला. पायाचा दाब तोच ठेवला, तर जमिनीवर मिळणारा रोध तेवढ्याच प्रमाणात कमी होतो. चढावर इंजिनाची ओढही तशीच कमी जाणवते. वेगदर्शक ८० दाखवीत असेल तेव्हा गाडी प्रत्यक्षात ८६ च्या जवळपास धावत असते. अनेक पिकअपमध्ये मागील ब्रेकचा दाब मालाच्या वजनानुसार ठरविणारी झडप अ‍ॅक्सलला दांडीने जोडलेली असते. मागचा भाग उचलला, की तिला गाडी रिकामी वाटते आणि भरल्या गाडीचे मागील ब्रेक अपुरे लागतात. ती नव्याने जुळविल्याशिवाय घाटात उतरू नये. ब्रेकच्या रबरी नळ्या ताणल्या जात नाहीत ना, हेही पाहावे. हेडलाइटचा झोत खाली वळवून घ्यावा. अन्यथा समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात.

उंच गाडी पाण्यात सुरक्षित, हा समजही घातक आहे. २०२० मध्ये आलेल्या महिंद्र थारसाठी कंपनीने ६५० मिलिमीटर खोल पाण्याची मर्यादा दिली होती. इंजिनात हवा कोठून शिरते आणि अ‍ॅक्सलच्या श्वासनळ्या कोठे आहेत, यांवर अशी मर्यादा अवलंबून असते. ५० मिलिमीटरच्या लिफ्टने ती तेवढीच वाढेल असे नाही. वाहत्या पाण्यात तर रुंद टायरची गाडी तरंगून सरकण्याचा धोका असतो. ओढ्याचे पाणी फरशीवरून वाहत असेल, तर थांबणे हाच उपाय.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने ठरविलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल, असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकास पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मालवाहू वाहनाच्या नोंदणी अर्जातच टायरचे माप नमूद असते आणि त्या वाहनाला ठरावीक मुदतीने योग्यता प्रमाणपत्रही घ्यावे लागते. म्हणून व्यवसायासाठी पिकअप वापरणाऱ्याची जोखीम हौशी चालकापेक्षा मोठी आहे. विमा कंपनीला न कळविता केलेला बदल अपघातानंतर दावा नाकारण्याचे कारण ठरू शकतो. जाड पाट्यांमुळे गाडी जास्त माल पेलते असे वाटले, तरी कागदावरील भारमर्यादा तसूभरही वाढत नाही.

आधी हे करून पाहा

पानशेत परिसरातील बहुतेक वाटांना मूळ मापाचाच, पण खोल नक्षीचा ‘ऑल टेरेन’ टायर पुरेसा ठरतो. चिखलात हवा थोडी कमी केली, की टायरचा जमिनीला टेकणारा भाग लांबतो आणि पकड वाढते. डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वी ती पुन्हा भरावी. त्यानेही भागले नाही, तर त्याच मॉडेलच्या वरच्या आवृत्तीला उत्पादकाने कोणते माप दिले आहे ते पाहावे आणि प्रादेशिक परिवहन कार्यालयात विचारणा करावी. लिफ्ट त्यानंतरची पायरी आहे.

खरेदीपूर्वी विचारावयाचे प्रश्न

- निवडलेल्या टायरची भारक्षमता मूळ टायरपेक्षा कमी तर नाही?
- स्टिअरिंग पूर्ण वळवून आणि एक चाक उंचवट्यावर चढवून टायर कोठे घासतो का, हे पाहिले काय?
- संचात शॉकअ‍ॅब्सॉर्बर, यू-बोल्ट व बंप स्टॉप आहेत की फक्त स्प्रिंग?
- बसविल्यानंतर अलाइनमेंट, ब्रेकची झडप आणि हेडलाइट जुळवून मिळणार काय?
- परिवहन कार्यालय व विमा कंपनी यांचे उत्तर लेखी घेतले काय?
- जुने स्प्रिंग आणि टायर परत ताब्यात मिळणार काय? मूळ स्थितीत येण्याची वेळ आली, तर तेच उपयोगी पडतात.