पहिलीत तीन, दहावीत सहा

शिरूर किंवा दौंड तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत पहिलीतल्या मुलाला पुस्तकाचे सक्तीचे विषय तीनच: मराठी, गणित आणि इंग्रजी. जोडीला कला, कार्यानुभव आणि खेळ. यातली इंग्रजी पहिलीत आली २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. त्याआधी मराठी शाळेतली मुले पाचवीत इंग्रजीची मुळाक्षरे गिरवत.

१९७६च्या घटनादुरुस्तीनंतर शिक्षण हा केंद्र आणि राज्य या दोघांच्या अखत्यारीतला विषय झाला. राष्ट्रीय आराखडा दिल्लीत ठरतो, पण राज्यातल्या बहुतेक मुलांच्या दप्तरात प्रत्यक्षात काय पडेल हे पुण्यात ठरते. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद आणि १९६७ साली स्थापन झालेली बालभारती, दोन्ही तिथेच आहेत.

तिसरीत ‘परिसर अभ्यास’ सुरू होतो, आणि सगळ्या अभ्यासक्रमातली सर्वांत सुंदर कल्पना इथे सापडते. या इयत्तेचे पुस्तक जिल्ह्यागणिक वेगळे असते. शिरूरच्या मुलाच्या हाती पुणे जिल्ह्याचे पुस्तक, तर घोड नदी ओलांडली की पलीकडच्या मुलाच्या हाती अहिल्यानगरचे. दौंडला हीच हद्द भीमा आखते. अर्थात एकाच जिल्ह्यात मुळशी-मावळचा मुसळधार पाऊस आणि शिरूर-दौंडची पर्जन्यछाया आहे, त्यामुळे ‘आपला जिल्हा’ म्हणून मुलाला शिकायचा असतो तो मुलूखही बराचसा न पाहिलेलाच असतो.

चौथीत परिसर अभ्यासाचा दुसरा भाग म्हणजे शिवछत्रपतींचे चरित्र. पाचवीत हिंदी येते, तिसरी भाषा म्हणून. ती पहिलीपासूनच आणण्याचा शासननिर्णय एप्रिल २०२५मध्ये निघाला, जूनमध्ये त्यात फेरफार झाला आणि वाढत्या विरोधापुढे २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले. त्रिभाषा सूत्राचा विचार नरेंद्र जाधव समितीकडे गेला.

सहावीपासून परिसर अभ्यासाची फोड होते: सामान्य विज्ञान, इतिहास व नागरिकशास्त्र, भूगोल. सातवीचा इतिहास मराठेशाहीचा. संभाजी महाराजांची समाधी असलेले वढू बुद्रुक शिरूर तालुक्यातच आहे, त्यामुळे इथल्या मुलांसाठी हा धडा घराजवळचा. शिक्षण हक्क कायद्याने पाचवीपर्यंत वर्षाला ८०० आणि सहावी ते आठवी १,००० तासांचे अध्यापन ठरवून दिले आहे. विषय वाढतात तसे तासही वाढतात.

नववी-दहावीत भार सर्वाधिक. तीन भाषा, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे, प्रत्येकी १०० गुण, एकूण ६००. गणितात बीजगणित आणि भूमिती अशी दोन पुस्तके, विज्ञानातही दोन भाग. यांखेरीज आरोग्य व शारीरिक शिक्षण, जलसुरक्षा यांसारखे श्रेणीचे विषय आहेत. कागदावर तेही सक्तीचेच. पण टक्केवारीत त्यांना स्थान नाही, म्हणून दिवाळीनंतर त्यांचा तास गणिताच्या सरांनी मागून घ्यावा, ही शाळाशाळांतली जुनी रीत. कालव्याच्या आवर्तनावर ऊस आणि कांदा अवलंबून असलेल्या भागात जलसुरक्षेचा तास असा जावा, हे विचित्रच.

रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहती, दौंडचे रेल्वे जंक्शन यांमुळे या दोन्ही तालुक्यांत परप्रांतीय कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांची मुले इंग्रजी माध्यमात किंवा केंद्रीय मंडळाच्या शाळेत गेली तरी २०२०च्या कायद्याने मराठी शिकणे त्यांना बंधनकारक आहे. राज्यातल्या सर्व मंडळांच्या शाळांना तो लागू असून पहिली आणि सहावीपासून टप्प्याटप्प्याने तो अमलात आणायचे ठरले. मोडणाऱ्या शाळेच्या व्यवस्थापनाला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

नव्या राष्ट्रीय धोरणात पाच, तीन, तीन आणि चार वर्षांचे टप्पे आहेत. महाराष्ट्रात २०२५-२६ला पहिलीपासून त्याप्रमाणे बदल सुरू झाला. नववी ते बारावी हा त्यात एकच टप्पा असला, तरी दहावीनंतरची तुटकता अजून कायम आहे. अकरावीत गणित आणि विज्ञानाची सक्ती सुटते. शाखा कोणतीही असो, इंग्रजी मात्र सुटत नाही. पर्यावरण शिक्षण आणि शारीरिक शिक्षणही राहते. मराठी इथे ऐच्छिक होते, कारण २०२०च्या कायद्याची सक्ती दहावीपर्यंतच आहे. विज्ञान शाखेतली अनेक मुले दुसऱ्या भाषेच्या जागी माहिती तंत्रज्ञान घेतात.