शिरपूरच्या पाटलांची लेक आणि वरळीचा स्टुडिओ

स्मिता पाटील म्हटले की 'भूमिका', 'जैत रे जैत', 'उंबरठा' डोळ्यांसमोर येतात. सिनेमाच्या आधीची वर्षे मात्र बहुतेक लेखांत एका ओळीत उरकतात: सुरुवातीला ती दूरदर्शनवर बातम्या देत असे. ही ओळ इतक्या घाईत ओलांडू नये, असे मला वाटते. पुढे पडद्यावर तिचा जो थेटपणा लोकांना भावला, त्याची तालीम तिथे झाली. आणि त्या तालमीला जे घर मिळाले ते खानदेशातले, राजकारणात मुरलेले होते. धुळे-जळगावच्या वाचकाला तिची ओळख करून द्यायची तर ती इथूनच करून द्यायला हवी.

घर कुठले?

शिरपूर हे धुळे जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. मुंबई-आग्रा रस्त्याने धुळे सोडून उत्तरेला निघाले की तापी ओलांडल्यावर ते लागते. पलीकडे सातपुडा आणि मध्य प्रदेशची हद्द. १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पूर्वेचे ठाणे जळगाव, पश्चिमेचे धुळे. त्या पश्चिम खानदेशातले हे गाव.

शिवाजीराव गिरधर पाटील इथले. जन्म १९२५चा, म्हणजे १९४२ साली सतरा वर्षांचे. त्या वयाच्या खानदेशी पोराला तेव्हा चळवळीपासून लांब राहणेच अवघड होते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. १९३६च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, खेड्यात भरलेले पहिले. गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिकवून गेलेले. ही सगळी माणसे आणि घटना दोन-तीन तासांच्या अंतरातल्या. शिवाजीराव 'चले जाव'मध्ये उतरले, पुढे समाजवादी वर्तुळात वावरले, मग काँग्रेसमध्ये स्थिरावले. शिरपूरच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता. राज्यात मंत्री झाले, १९९२ ते १९९८ राज्यसभेवर होते.

आई विद्याताई. समाजकार्यात आयुष्य घातलेली बाई. तीन मुली: अनिता, स्मिता, मान्या. अनिता डॉक्टर झाली, मान्या सिनेमाच्या वेशभूषेकडे वळली. मुलीने आधी लग्न, मग बाकीचे, असा हिशेब या घरात नव्हता, हे तिन्ही मुलींनी निवडलेल्या कामांवरूनच दिसते.

पुण्यातले बालपण, सेवा दलाची शिस्त

स्मिताचा जन्म १७ ऑक्टोबर १९५५चा, पुण्यातला. शाळा रेणुका स्वरूप. शाळेइतकेच महत्त्वाचे म्हणजे राष्ट्र सेवा दल. १९४१ साली सुरू झालेल्या या संघटनेची शाखा, तिथली गाणी, समूहनृत्ये आणि कलापथक ही तेव्हाच्या समाजवादी घरांतल्या मुलांची दुसरी शाळाच होती. कलापथक गावोगाव जाई. मैदानात, देवळासमोर, कंदिलाच्या नाहीतर एखाद्या बल्बच्या उजेडात कार्यक्रम होई. समोरच्या माणसाला कळेल असे बोलायचे, स्वच्छ बोलायचे, नटवेपणा करायचा नाही, हे तिथे आपोआप अंगी लागे. पुढे याचा उपयोग कुठे होणार, हे तेव्हा कोणाच्या डोक्यात असण्याचे कारण नव्हते.

वडील मंत्री झाले आणि घर मुंबईला गेले.

वरळीत पाऊल

मुंबई दूरदर्शन वरळीतून सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ला. दिल्लीनंतर देशातले हे दुसरे केंद्र. चित्र काळे-पांढरे, प्रक्षेपण संध्याकाळचे काही तास. कारभार अजून आकाशवाणीच्या छत्राखालीच होता. दूरदर्शन वेगळे झाले ते १९७६च्या एप्रिलमध्ये. मराठी बातम्यांसाठी डॉ. विश्वास मेहेंदळे, अनंत भावे, ज्योत्स्ना किरपेकर, थोड्या काळाने प्रदीप भिडे अशी मंडळी जमत गेली. भक्ती बर्वेही त्या काळात दूरदर्शनवर दिसत.

स्मिता तिथे कशी पोचली, याची एक हकीकत नेहमी सांगितली जाते. मित्रमंडळींतल्या एका छायाचित्रकाराने तिचे फोटो काढले होते. ते केंद्रावर मांडून बघणे चालू असताना केंद्राचे संचालक पी. व्ही. कृष्णमूर्ती यांची नजर त्यांच्यावर पडली आणि ही मुलगी कोण, अशी चौकशी झाली. स्मिता आधी तयार नव्हती, मैत्रिणींनी गळ घातली. चाचणीत काहीतरी म्हणून दाखवायला सांगितले, तेव्हा तिने बांगलादेशचे राष्ट्रगीत म्हटले, असेही सांगतात. बांगलादेशाला जन्मून तेव्हा फार दिवस झाले नव्हते. मंत्र्याच्या मुलीसाठी शब्द टाकला गेला, असे मात्र या हकीकतीत कुठेही येत नाही. आजच्या वाचकाच्या मनात पहिली शंका तीच येईल, म्हणून हे इथे नोंदवले.

कॅमेऱ्यासमोर

तिचे काम नेमके काय होते, ते आधी स्पष्ट करून टाकू. ती घटनास्थळी जाऊन बातमी आणत नव्हती. कोणती बातमी घ्यायची, आधी कोणती, मागून कोणती, हे ठरवायला वृत्तविभाग होता. वृत्तसंस्थांच्या इंग्रजी तारा येत, त्यांचे मराठी केले जाई, मजकूर टाइप होऊन हातात पडे. निवेदकाने तो प्रेक्षकांपर्यंत पोचवायचा.

आता हे काम सोपे वाटते. समोरच्या काचेवर मजकूर सरकत जातो, निवेदक कॅमेऱ्याकडे बघत वाचतो. तेव्हा तशी सोय नव्हती. कागद टेबलावर, कॅमेरा समोर, प्रक्षेपण थेट. वाक्याचा पहिला अर्धा भाग नजरेत भरायचा, मान वर करायची, तो कॅमेऱ्याकडे बघत सांगायचा, आवाज न तोडता पुन्हा खाली बघून पुढची ओळ पकडायची. जोडाक्षराला जीभ अडखळली तरी तीच चूक साऱ्या मुंबईत गेलेली. मध्येच एखादा नवा कागद सरकवला जाई. तो आधी वाचलेला नसे, तरी चेहऱ्यावर काही दिसता कामा नये. दाखवायला चित्रफिती कमी, त्यामुळे पडद्यावर बहुतेक वेळ निवेदकाचाच चेहरा. बातमी अपघाताची असो नाहीतर अर्थसंकल्पाची, आवाजात रडे नको आणि कोरडेपणाही नको.

जीन्सचा किस्सा सगळ्यांना ठाऊक आहे. स्मिता जीन्स घालून केंद्रावर यायची आणि बातम्यांची वेळ झाली की वरूनच साडी गुंडाळायची. चौकट छातीपर्यंतची, टेबलाखालचे कोणाला दिसणार? यात बंडखोरी शोधणारे लेख मी वाचले आहेत. मला त्यात आधी कामाची समज दिसते. कॅमेऱ्याला किती दिसते आणि किती दिसत नाही, हे एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीला पक्के कळलेले होते. नटाला हे कळायला कधीकधी दहा सिनेमे जातात.

रंगाचेही तसेच. ती सावळी होती, आणि तेव्हाच्या हिंदी सिनेमाच्या हिशेबात सावळा रंग म्हणजे उणी बाजू. काळ्या-पांढऱ्या टीव्हीवर कांती मोजली जात नाही. तिथे डोळे, कपाळाची रुंदी, ओठांची हालचाल हेच दिसते. मुंबईकरांनी तिचा चेहरा आधी असा, कोणत्याही कथेशिवाय, रोजच्या सवयीने ओळखीचा करून घेतला.

सरकारी बातम्या, मंत्र्याची मुलगी

हा भाग अडचणीचा आहे आणि तो टाळून चालणार नाही. वडील सत्ताधारी पक्षाचे, वाहिनी सरकारची, आणि देशात दुसरी वाहिनीच नाही. आज अशी निवेदिका पडद्यावर आली तर पहिल्या संध्याकाळी गदारोळ होईल. तेव्हा तसा तो झाल्याचे दिसत नाही, आणि त्याचे कारण काही तेव्हाची माणसे फार सज्जन होती, हे नव्हे. सरकारी माध्यम सरकारचेच बोलणार, हे सगळ्यांनी धरून चालले होते. कोण बोलते, याने मजकूर बदलणार नव्हता. १९७५च्या जूनमध्ये आणीबाणी लागली आणि बातम्यांवर पहारा बसला. तोवर स्मिताचे पाऊल सिनेमात पडले होते.

महाराष्ट्रात राजकारण आणि बातमी यांचे नाते पुढे वेगळ्या वाटेने घट्ट झाले. राजकारणातली घराणी वृत्तपत्रांची आणि मग वाहिन्यांची मालक झाली. यवतमाळच्या जवाहरलाल दर्डांचा 'लोकमत' हे ठळक उदाहरण, पुढे त्या समूहाचे नाव वृत्तवाहिनीलाही जोडले गेले. मालकाच्या हातात काय छापायचे ते असते. निवेदिकेच्या हातात फक्त कागद असतो. हितसंबंधांचा प्रश्न विचारायचा तर तो आधी मालकाला विचारावा.

खानदेशातल्या राजकीय घरांना मुलींचे सार्वजनिक जीवन नवे नव्हते. जळगावहून प्रतिभा पाटील १९६२ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी आमदार झाल्या आणि २००७ साली राष्ट्रपती. स्मितानेही तो रस्ता धरला असता तर कोणाला आश्चर्य वाटले नसते.

खानदेशाने तिला वाचताना पाहिलेच नाही

मुंबई केंद्राचे चित्र तेव्हा मुंबईच्या आसपास आणि नंतर पुण्याकडे दिसे. शिरपूर, धुळे, जळगाव त्याच्या आवाक्याबाहेर. १९७५-७६चा उपग्रहावरून खेड्यांत टीव्ही दाखवण्याचा मोठा प्रयोग सहा राज्यांत झाला, त्यात महाराष्ट्र नव्हता. इकडे बातम्या म्हणजे रेडिओ. इन्सॅट-१बी उपग्रह १९८३ साली वर गेला, देशभर छोटी प्रक्षेपण केंद्रे उभी राहू लागली आणि त्या सुमाराला आपल्याकडच्या धाब्यांवर आणि पत्र्यांवर अँटेना दिसू लागले. तोपर्यंत वरळीतली खुर्ची सोडून तिला बरीच वर्षे झाली होती. ज्या गावाने तिच्या बापाला राजकारणात पाठवले, त्या गावाला ती थेट सिनेमाच्या पडद्यावर भेटली.

बातम्यांतून सिनेमात

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधल्या अरुण खोपकरांनी 'तीव्र मध्यम' हा पदविकेचा लघुपट केला, त्यात स्मिता होती. मग श्याम बेनेगलांनी तिला 'चरणदास चोर' (१९७५) या बालपटात राजकन्या केले, त्यानंतर 'निशांत', 'मंथन' आणि १९७७ साली 'भूमिका'. हंसा वाडकरांच्या आत्मकथनावर बेतलेल्या या भूमिकेसाठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दुसरा राष्ट्रीय पुरस्कार जयवंत दळवींच्या कादंबरीवरच्या 'चक्र'साठी. पद्मश्री १९८५ची.

या यादीत मला थांबावेसे वाटते ते 'उंबरठा'शी (१९८२). दिग्दर्शन डॉ. जब्बार पटेलांचे, पटकथा विजय तेंडुलकरांची, मूळ कादंबरी शांता निसळ यांची 'बेघर'. सुलभा महाजन प्रतिष्ठित घरातली सून आहे. समाजकार्य या घराला नवे नाही. सासू स्वतः संस्थेत मानाच्या जागी आहे. सेवा करावी, पण घर सांभाळून, वेळेत परत येऊन, समारंभात फोटो निघेल इतपत. सुलभा दूरच्या गावी महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून जाते आणि समितीच्या बैठका, हिशेबाच्या वह्या, आमदाराचा दबाव यांना तोंड देत राहते. कार्यकर्त्यांच्या घरात वाढलेल्या मुलीला हे जग शिकवावे लागले नसणार. समितीसमोर बोलतानाची स्मिता पाहा. आवाज चढत नाही, वाक्य मध्ये तुटत नाही, नजर समोरच्यावरून ढळत नाही. हातात कागद नाही इतकेच, बाकी ही बातम्यांच्या टेबलावरचीच बैठक आहे.

नंतरचे

१३ डिसेंबर १९८६ला, मुलगा प्रतीकच्या जन्मानंतर अवघ्या दोन आठवड्यांनी, बाळंतपणातल्या गुंतागुंतीने ती गेली. वय एकतीस. केतन मेहतांचा 'मिर्च मसाला' त्यानंतर पडद्यावर आला.

शिवाजीराव पुढे तीस वर्षे जगले. २०१३ साली त्यांना पद्मभूषण जाहीर झाले. त्याच वर्षी भारतीय सिनेमाच्या शंभरीनिमित्त टपाल खात्याने काढलेल्या तिकिटांत त्यांच्या मुलीचाही चेहरा होता. पद्म पुरस्कार घरात आधी मुलीने आणला होता, बापाचा अठ्ठावीस वर्षांनी आला. २०१७च्या जुलैमध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले.

बातम्या वाचतानाची स्मिता आज सहजी पाहायला मिळत नाही. ते सगळे थेट प्रक्षेपण होते, जपून ठेवण्याची पद्धत फारशी नव्हती. तिच्यापासून सुरुवात करायची असेल त्याने 'मंथन' घ्यावा. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये घालून काढलेला हा सिनेमा आता डागडुजी होऊन नव्याने आला आहे, २०२४ साली कान महोत्सवातही दाखवला गेला. सहकारी कारखान्यांच्या आणि दूध संघांच्या निवडणुका पाहिलेल्या खानदेशी माणसाला त्यातले राजकारण समजावून सांगावे लागणार नाही.