बाहेरची हवा तापली की फुग्याचे बळ का घटते?

राजस्थानातील पुष्करची जत्रा असो वा तमिळनाडूतील पोल्लाचीचा बलून महोत्सव, प्रवाशांना आकाशात नेणारे गरम हवेचे फुगे बहुधा थंडीच्या दिवसांत उडतात. दिवसातील त्यांची पसंतीची वेळ असते पहाटेची. गरम हवेवर चालणारे हे वाहन कडक उन्हात अधिक सहज उडेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. वास्तव मात्र नेमके उलट आहे.

फुग्याने बाजूला सारलेल्या हवेचे जितके वजन, तितके प्लावक बल त्याला वर ढकलते, असे आर्किमिडीजचे तत्त्व सांगते. हवा तापली की प्रसरण पावते आणि तिची घनता घटते. त्यामुळे आतील गरम हवा बाहेरील थंड हवेपेक्षा हलकी ठरते. या दोन घनतांमधील फरक हेच फुग्याचे खरे बळ होय.

समुद्रसपाटीला एक घनमीटर हवेचे वस्तुमान १५ अंश सेल्सिअसला सुमारे १.२२५ किलो, ३५ अंशांना १.१४५ किलो, तर १०० अंशांना ०.९४६ किलो असते. म्हणजेच आतील हवा १०० अंशांवर असलेला २,८०० घनमीटरचा फुगा १५ अंशांच्या पहाटे कापड, टोपली, बर्नर आणि इंधन धरून सुमारे ७८० किलो भार पेलतो. बाहेर ३५ अंश तापमान असल्यास हीच क्षमता ५६० किलोंवर येते. ही तूट साधारण तीन प्रौढांच्या वजनाइतकी आहे.

आतील हवा आणखी तापवून ती भरून काढण्यालाही मर्यादा आहेत, कारण अतिउष्णतेने नायलॉनचे कापड कमकुवत होते. शिवाय दुपारी तापलेल्या जमिनीवरून उसळणारे हवेचे प्रवाह फुग्याला अस्थिर करतात.

हवामान विभागाच्या हायड्रोजनच्या रबरी फुग्यांचे गणित वेगळे आहे. त्यांतील वायू भोवतालच्या हवेबरोबरच तापतो आणि तिच्याच प्रमाणात प्रसरण पावतो. त्यामुळे त्यांच्या बळात फारसा फरक पडत नाही. म्हणूनच हे फुगे वर्षभर, सकाळ-संध्याकाळ सोडता येतात.

गरम हवेच्या फुग्याला ही सवलत नाही. उबदार सकाळी वैमानिकाने एखाद-दोन प्रवासी कमी केले, तर त्यामागे सुरक्षिततेचा हा साधा हिशेब असतो.