रमने खरंच ऊब येते का?

मी गाझियाबादला राहतो. ओल्ड मंक रम इथल्याच मोहननगरची. उसाच्या मळीतल्या साखरेचं यीस्ट अल्कोहोल करतं. ते ऊर्ध्वपातनाने काढून लाकडी पिंपात मुरवतात.

फौजेत आम्ही म्हणायचो, थंडीवर रम हाच उपाय. खरं उलट आहे. अल्कोहोलने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गरम रक्त वर येतं, म्हणून ऊब वाटते. पण शरीराची उष्णता बाहेर निघून जाते. हुडहुडीही कमी होते, त्यामुळे धोका कळत नाही. ६० मिलिलिटरच्या पेगात सुमारे २० ग्रॅम अल्कोहोल असतं. त्याचा निचरा करायला यकृताला दोन-तीन तास लागतात.

दिल्लीच्या जानेवारीत पिऊन उघड्यावर झोपलेला माणूस म्हणूनच दगावू शकतो. पहाऱ्यावरच्या चौकीदाराला बाटली नको, घोंगडी आणि गरम चहा द्या. जय हिंद!