पत्रा बघा, पडदे नंतर

जर्मनीत किंवा अमेरिकेत जुनी फोक्सवॅगन कॅम्पर विकायला निघाली की तिचे फोटो ठरलेले असतात. टप वर उचललेला, सरकता दरवाजा सताड उघडा, आत चौकड्यांच्या कापडाच्या गाद्या, खिडक्यांना पडदे, शेगडीवर किटली. सोबतचा मजकूरही ठरलेलाच: सगळं मूळचं, फर्निचर कंपनीचं, मालक फक्त दोन. गाडीच्या पोटाखालचा फोटो मात्र सहसा नसतो, आणि व्यवहार फसतो तो तिथेच.

पडद्यांमुळे विसरायला होतं, पण ही मुळात मालवाहू गाडी आहे. वुल्फ्सबर्गच्या कारखान्यात सुटे भाग इकडून तिकडे न्यायला कामगारांनी बीटलच्या सांगाड्यावर सपाट फळी बसवून एक ओबडधोबड गाडी केली होती. डच आयातदार बेन पॉन यांनी ती पाहिली आणि २३ एप्रिल १९४७ रोजी आपल्या वहीत एक चौकोनी डबा काढला: ड्रायव्हर अगदी पुढे, इंजिन अगदी मागे, मधली सगळी जागा मालाला. पहिल्या नमुन्याच्या वेळी बीटलचा तळ भाराखाली वाकला, म्हणून नवा मजबूत सांगाडा करावा लागला. डबा वाऱ्याला फार अडवत होता. ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यापीठातल्या वाऱ्याच्या बोगद्यात पुढच्या भागाला गोलाई दिली, आणि वाऱ्याच्या अडथळ्याचा आकडा ०.७५ वरून ०.४४ वर आला. लोक ज्या गोंडस चेहऱ्यावर भाळतात तो असा हिशेबातून निघालेला आहे. ८ मार्च १९५० ला उत्पादन सुरू झालं तेव्हा मागच्या इंजिनात ताकद होती २५ अश्वशक्तीची. चढावर धीर धरणं हा ड्रायव्हरचा गुण मानला गेला असणार!

घर आलं ते वेस्टफालियाकडून. वीडनब्रूक गावातलं १८४४ सालचं लोहारकाम, पुढे घोडागाड्या, मग ट्रेलर, असा या कंपनीचा प्रवास. १९५१ च्या सुमारास त्यांनी ‘कॅम्पिंग बॉक्स’ काढला. तो गाडीत कायमचा ठोकलेला नव्हता. आठवडाभर गाडीतून माल वाहायचा, शनिवारी सीटा काढून हे कपाट-पलंगाचं खोकं आत सरकवायचं आणि बायकापोरांना घेऊन तळ्याकाठी जायचं. युद्धातून नुकत्या सावरणाऱ्या देशात एकाच कर्जावर धंदा आणि सुट्टी दोन्ही भागवणारी ही सोय होती. नंतर ते फर्निचर पक्कं झालं, निर्यात वाढली आणि बऱ्याचशा वेस्टफालिया अमेरिकेला जाऊ लागल्या.

आज बाजारात बहुतेकदा दिसते ती १९६७ नंतरची, एकसंध गोलसर काचेची दुसरी पिढी. तिच्यातली १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धातली वेस्टफालिया मला सर्वांत जमून आलेली वाटते. लांबी साडेचार मीटर, म्हणजे आजच्या मोठ्या एसयूव्हीपेक्षाही कमी. सरकत्या दरवाज्यासमोरच्या भिंतीला फ्रीज, सिंक आणि दोन चुलींची गॅसशेगडी, मागे कपड्यांचं कपाट. मागच्या सीटची बैठक पुढे ओढली की पाठ आपोआप आडवी होते आणि इंजिनावरच्या गादीशी समतल होऊन दोघांचा बिछाना तयार होतो. म्हणजे झोपायचं ते थेट इंजिनाच्या माथ्यावर. टप उचलला की कापडी भिंतींमध्ये वर आणखी एक बिछाना. कुठलीही वस्तू एकच काम करत नाही, आणि कुठलंही काम करताना आधी दुसरं काहीतरी हलवावं लागतं. दोन माणसांचं भांडण झालं तर एकाला बाहेर जाण्यावाचून गत्यंतर नाही.

इंजिन हवेवर थंड होणारं. रेडिएटर नाही, त्यामुळे थंडीत पाणी गोठायची भीती नाही आणि वाळवंटात उकळायची नाही. दोन लिटरचं मोठं इंजिन साधारण ७० अश्वशक्तीचं. त्याच घराण्यातली इंजिनं पोर्शे ९१४ मध्येही होती, ही गोष्ट विकणारा हमखास सांगतो. तो जे सांगत नाही ते असं: केबिनमधली ऊब सायलेन्सरकडे जाणाऱ्या नळ्यांभोवतीच्या पेट्यांतून येते, आणि त्या पेट्या सडल्या की उबेबरोबर धूरही आत येतो. पेट्रोलच्या जुन्या नळ्या कडक होऊन तडकतात, तापलेल्या इंजिनावर थेंब पडतात आणि गाडी पेटते. १६०० सीसीच्या लहान इंजिनाच्या खोक्यात मॅग्नेशियम असल्याने ते एकदा पेटलं की पाण्यानेही आटोक्यात येत नाही. या नळ्या बदलायला फारसा खर्च येत नाही. ज्या मालकाने तेवढंही केलेलं नाही, त्याने बाकी काय जपलं असेल याचा अंदाज बांधावा.

आता पोटाखाली जाऊ. टॉर्च आणि लोहचुंबक सोबत हवं. दारांखालचे लांब पट्टे, जॅक लावायच्या जागा, चाकांच्या कमानी, बॅटरीखालचा पत्रा, टपाभोवतीची पन्हळ आणि पुढच्या काचेची चौकट, इथे गंज धरतो. चुंबक चिकटलं नाही तर रंगाखाली पुट्टी आहे. टपाचं कापड ओलं असताना घडी केलेलं असेल तर बुरशीचे काळे ठिपके दिसतात. त्याखाली फर्निचरच्या फळ्या फुगल्यात का तेही हात फिरवून पाहावं. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात त्या मुलखातली चकचकीत गाडी आणि ॲरिझोनातली उन्हाने रंग उडालेली गाडी, यातली दुसरी घ्यावी. रंग पुन्हा देता येतो.

कंपनीचं मूळ रूप खरं की खोटं हे एक लहानशी पत्र्याची पट्टी सांगते. १९७० च्या दशकातल्या बहुतेक गाड्यांत पुढच्या सीटमागे ही पट्टी असते, हाताच्या पंजापेक्षा लहान, वर नुसते आकडे. चासीचा नंबर, मूळ रंग, आतलं कापड, गाडी कोणत्या आठवड्यात बनली, कोणत्या देशासाठी बनली आणि काय काय जादा बसवलं होतं, सगळं त्यात. गाडी आज नारिंगी आहे आणि पट्टी पांढरी म्हणते, तर प्रश्न विचारायला सुरुवात करायची.

किमती कुठून कुठे गेल्या पाहा. १९७६ मध्ये ॲपलसाठी भांडवल हवं म्हणून स्टीव्ह जॉब्सने आपली फोक्सवॅगन बस १५०० डॉलरच्या आसपास विकली. दोन आठवड्यांत तिचं इंजिन बसलं आणि दुरुस्तीचा अर्धा खर्च त्यालाच द्यावा लागला. आज पहिल्या पिढीच्या २३ खिडक्यांच्या ‘सांबा’ गाड्या लिलावात दोन लाख डॉलरच्या वर गेलेल्या आहेत. तेवढी किंमत मोजलेल्या गाडीत कोणी कांदा परतत नाही. सर्वांत चांगली जपलेली कॅम्पर ही बहुधा सर्वांत कमी फिरलेली असते, आणि मला यात थोडं वाईट वाटतं.

कारण या गाड्या फिरण्यासाठीच घेतल्या जात. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून इस्तंबूल, तेहरान, काबूल, खैबर, लाहोर, दिल्ली या वाटेने त्या काठमांडूला किंवा गोव्याला येत. हणजुणेच्या किनाऱ्यालगत माडांखाली त्या उभ्या असत. कार्ने या कागदावर सीमाशुल्क न भरता गाडी देशात येई, पण ती परत बाहेर नेण्याच्या अटीवर. इथेच टाकून गेलं तर शुल्क मानगुटीवर. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, वर्षअखेर सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि ती वाट बंद झाली.

आपल्याकडे अशी एखादी पन्नाशी ओलांडलेली गाडी मिळालीच, तर २०२१ च्या नियमांप्रमाणे ‘व्हीए’ अक्षरांच्या विंटेज क्रमांकावर तिची नोंदणी होऊ शकते; नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये. मात्र प्रदर्शन, विंटेज रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशाच कारणांसाठी ती रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराला परवानगी नाही. म्हणजे घर घेऊन निघायचं आणि त्यात राहायचं नाही!

राहायचंच असेल तर आपल्याकडे फोक्सवॅगनशी दूरचं नातं असलेली एक कंपनी आहे. जर्मनीत १९४९ साली टेंपो कंपनीची ‘मॅटाडोर’ नावाची व्हॅन निघाली होती, तीही फोक्सवॅगनच्याच इंजिनावर. स्वतःची व्हॅन बाजारात आल्यावर फोक्सवॅगनने हे इंजिन देणं थांबवलं. मॅटाडोर हे नाव पुढे बजाज टेंपोमार्फत पुण्याला आलं, आणि त्याच कंपनीचं आजचं रूप म्हणजे फोर्स मोटर्स. तेव्हा कोकणात किंवा सह्याद्रीत गाडीतच मुक्काम करायचा असेल तर फोर्सची ट्रॅव्हलर घ्या, आरटीओची मंजुरी आधी मिळवा आणि आतलं काम चांगल्या सुताराकडून करून घ्या. वेस्टफालिया हवीच असेल, तर विकणाऱ्याकडे पहिला फोटो पोटाखालचा मागा.