पाणमांजराने जिंकलेली निवडणूक

जपानच्या शिकोकू बेटावर सुसाकी नावाचं लहानसं बंदर आहे. तिथल्या शिंजो नदीत १९७९ साली एक पाणमांजर दिसलं. जपानी पाणमांजराचं ते शेवटचं खात्रीचं दर्शन. पुढे वर्षामागून वर्षं गेली, शोध घेणारे थकले आणि २०१२मध्ये जपान सरकारने ही जात नामशेष झाल्याचं जाहीर केलं. पण सुसाकीकरांनी आपल्या पाणमांजराला सोडलं नाही. आज गावात ‘शिंजो-कुन’ हिंडतो. अंगावर मऊ तपकिरी पोशाख, डोक्यावर टोपीऐवजी नाबेयाकी रामेनचं भांडं. उकळत्या मातीच्या भांड्यातच वाढायच्या या शेवयांसाठी सुसाकी ओळखलं जातं. म्हणजे गावाने गमावलेला प्राणी आणि गावाने जपलेली चव, दोन्ही एकाच बाहुल्यात आली. २०१६ साली देशभरच्या अशा बाहुल्यांची निवडणूक झाली, तेव्हा मोठमोठ्या शहरांना मागे टाकून शिंजो-कुन पहिला आला.

या बाहुल्यांना जपानमध्ये ‘युरु-क्यारा’ म्हणतात. हे नाव दिलं जुन मिउरा या चित्रकार-लेखकाने. गावोगावच्या जत्रांत, महोत्सवांत नगरपालिकांनी हौसेने बनवलेले ओबडधोबड पोशाख त्याच्या नजरेत भरले. त्याने तीन अटी घातल्या: बाहुल्यात आपल्या गावाबद्दलची माया दिसली पाहिजे, त्याचं चालणं-वागणं जरा डगमगतं, पण इतरांहून वेगळं पाहिजे आणि त्याला पाहून माणूस सैलावला पाहिजे. देखणेपणाची अट कुठेच नव्हती. लहान गावांना या खेळात उतरता आलं त्याचं हेही एक कारण असावं.

लाट उसळली ती हिकोने शहरातून. तिथल्या किल्ल्याची चारशे वर्षं २००७मध्ये साजरी झाली, त्यासाठी हिकोन्यान जन्मला: लाल शिरस्त्राण घातलेलं पांढरं मांजर. इइ नाओताका या तिथल्या सरदाराला वादळात एका मांजराने पंजा हलवून देवळात बोलावलं आणि विजेपासून वाचवलं, अशी आख्यायिका आहे. लाल रंग त्या घराण्याच्या फौजेच्या चिलखतांचा. हिकोन्यानला पाहायला माणसं किल्ल्यावर येऊ लागली. २०१०मध्ये ‘युरु-क्यारा ग्रां प्री’ सुरू झाली. पहिल्या वर्षी १६९ उमेदवार होते आणि निवडून आला हिकोन्यानच.

दुसऱ्या वर्षी कुमामोन निवडून आला. काळं अस्वल, लाल गाल, कायम विस्फारलेले डोळे. क्युशू बेटावरची शिंकान्सेन रेल्वे मार्च २०११मध्ये पूर्ण मार्गावर धावणार होती. प्रवासी वाटेतल्या कुमामोतोला न उतरता सरळ पुढे जातील, ही तिथल्या प्रशासनाला धास्ती होती. कुमामोनची जन्मकथा या धास्तीत आहे. पण त्याला मोठं केलं ते एका निर्णयाने. कुमामोतोच्या मालाचा किंवा प्रदेशाचा प्रसार होणार असेल, तर अर्ज करून परवानगी घ्यायची आणि कुमामोनचं चित्र वापरायचं. पैसे लागणार नाहीत. टोमॅटोच्या खोक्यापासून बिस्किटाच्या पुड्यापर्यंत सगळीकडे तो झळकला. बँक ऑफ जपानच्या कुमामोतो शाखेने ऑक्टोबर २०१३पर्यंतच्या दोन वर्षांतला त्याचा आर्थिक परिणाम सुमारे १२३ अब्ज येन काढला. एप्रिल २०१६मध्ये कुमामोतोत मोठे भूकंप झाले. कुमामोनचे कार्यक्रम थांबले. मे महिन्यात तो पुन्हा बाहेर पडला तो भूकंपग्रस्तांना भेटायला, आणि मुलं त्याला येऊन बिलगली. सरकारी जाहिरातीच्या वाट्याला अशी माया सहसा येत नाही.

२०१२चा विजेता बारी-सान तर बारकाईने पाहण्यासारखा आहे. इमाबारी शहराचं हे गुबगुबीत पिवळं पिल्लू. डोक्यावरच्या मुकुटाला कुरुशिमा सामुद्रधुनीवरच्या पुलाचा आकार, पोटाला इमाबारीच्या प्रसिद्ध टॉवेलचा पट्टा, हातातलं पाकीट जहाजाच्या आकाराचं, कारण शहरात जहाजं बांधतात. आणि पिल्लूच का, तर इमाबारी भाजलेल्या कोंबडीसाठी नावाजलेलं आहे. शहराचा भूगोल, धंदे आणि खाणं शाळकरी मुलाला एका चित्रात कळतं.

२०१५मध्ये उमेदवार १,७२७ झाले आणि दुखणीही वाढली. एकट्या ओसाका प्रांताच्या खात्याखात्यांनी मिळून नव्वदहून अधिक बाहुले पाळले होते. ते आवरते घ्यावे लागले. २०१८मध्ये योक्काइची शहराच्या पालिकेने आपल्या बाहुल्यासाठी हजारो ईमेल खाती काढली आणि कर्मचाऱ्यांना मतं टाकायला लावली. बोभाटा झाला, संशयास्पद मतं वजा झाली आणि बाहुला तिसऱ्या क्रमांकावर घसरला. लोकांच्या प्रेमाची मोजदाद पालिकेच्या हुकुमावर होऊ लागली, तेव्हाच या निवडणुकीतला जीव गेला होता. उमेदवार घटत गेले आणि २०२०मध्ये इवाते प्रांतात शेवटची स्पर्धा झाली. स्पर्धा संपली तरी कुमामोन आणि हिकोन्यान अजून कामावर आहेत, कारण त्यांची मुळं मतपेटीत नव्हती.

महाराष्ट्राला हे सगळं परकं नाही. आर. के. लक्ष्मण यांनी १९५४मध्ये एशियन पेंट्ससाठी रंगाचा डबा आणि ब्रश घेतलेला खट्याळ पोरगा काढला. त्याच्या बारशासाठी कंपनीने ५०० रुपयांची स्पर्धा लावली. ४७ हजारांहून अधिक नावं आली. मुंबईच्या दोघांनी एकच नाव सुचवलं होतं, गट्टू. पुढे कित्येक वर्षं तो दुकानांच्या पाट्यांवर दिसत राहिला. पुण्यात २००८मध्ये राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा झाल्या, तेव्हा ‘जिगर’ नावाचा वाघ भिंतीभिंतीवर होता. स्पर्धा उरकल्या आणि तोही गेला. गट्टू कंपनीचा, जिगर स्पर्धेचा. गावाचा यातला कोणीच नव्हता.

गावाचा म्हणायचा तर कोकणातला संकासुर. शिमग्याला काळा वेष, उंच निमुळती टोपी, पांढरी दाढी आणि घुंगरं लेऊन तो निघाला की पोरं पळतात आणि पुन्हा त्याच्याच मागे लागतात. चाकरमानी त्यासाठी मुंबईहून गाव गाठतात. निवडणुकीचा प्रयोगही झाला आहे: वर्ध्यात २०१८मध्ये बहार नेचर फाउंडेशनने शहराचा पक्षी ठरवण्यासाठी नागरिकांचं मतदान घेतलं आणि नीलपंख निवडून आला. आपल्या शहरात कोणते पक्षी राहतात याची चर्चा घरोघरी व्हायला एवढं निमित्त पुरतं.

असंच निमित्त राजगडाच्या पायथ्यालाही हवं आहे. नसरापूर, मार्गासनी ओलांडून गाडी गुंजवण्यात पोचते आणि चोरदरवाजाची वाट चढायला लागते. १३ मार्च २०२४ला राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याला राजगड नाव द्यायचा निर्णय घेतला. ११ जुलै २०२५ला मराठा लष्करी भूप्रदेशातल्या बारा किल्ल्यांना युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत राजगड आहे. गडाचं नाव जगभर गेलं. पायथ्याच्या गावांचं काय? पुण्याहून पहाटे निघालेला माणूस गड पाहतो, उतरून पिठलं-भाकरी खातो आणि दुपारी परततो. पद्मावती, संजीवनी, सुवेळा या माच्यांची नावं त्याला पाठ असतात, जेवू घालणाऱ्या गावाबद्दल मात्र दोन वाक्यं सांगताना तो अडखळतो. कुमामोतोची धास्तीही याच जातीची होती.

म्हणून गुंजवणे, पाल, वाजेघर, भुतोंडे या गडाच्या चारी अंगांच्या गावांनी मिळून एक बाहुला निवडावा. एक मर्यादा आधीच आखून घ्यायला हवी. हामामात्सू शहराने तोकुगावा इएयासूची शेंडी ईल माशाची केली, त्याला पियानोच्या पट्ट्यांची विजार घातली आणि २०१५ची स्पर्धा जिंकली. इथे शिवाजी महाराजांच्या बाबतीत तसं कोणी करू नये. महाराजांबद्दलचा आदर हीच या मुलखाची ओळख आहे आणि तिला धक्का लावून काही मिळवायचं नाही.

निसर्गाने उमेदवार भरपूर दिले आहेत. सुवेळा माचीवरचं नेढं घ्या: कातळाला आरपार भोक, आत बसलं की अंगावर आदळणारा वारा. पोटातून पलीकडचं आभाळ दिसणारा दगडोबा मुलांना एका बैठकीत काढता येईल. भातखाचरातला इंद्रायणी तांदूळ आहे, सात-आठ वर्षांनी एकदा फुलणारी कारवी आहे, पावसाच्या तोंडावरचे काजवे आहेत. चित्रं जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या मुलांनी काढावीत. मतदान ऑनलाइन नको, योक्काइचीचा धडा ताजा आहे. गाड्या लावायच्या जागेवर मतपेटी ठेवावी. गड उतरून आलेल्याला एक चिठ्ठी, गावकऱ्याला एक. आणि निवडून आलेल्या बाहुल्याचं चित्र चारही गावांतल्या बचत गटांना, घरगुती खानावळींना, तांदूळ विकणाऱ्या शेतकऱ्यांना मोफत वापरता यावं, हे मतदानाआधी ठरावात लिहून ठेवावं. हा ठराव झाला नाही, तर बाहुल्याचा फायदा पुण्या-मुंबईचे व्यापारी घेतील.

खर्च फार नाही, परवानगीसाठी मंत्रालय गाठायचीही गरज नाही. ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला भरतात. गावच्या मतदारयादीतलं प्रत्येक नाव ग्रामसभेचं सदस्य असतं, आणि विषय मांडायला त्यातलं एक नाव पुरतं. गुंजवणेकरांनी तो मांडावा.