खिशातली यंत्रं – ८ : सरकता फोन

मागच्या भागात टॉर्चवाल्या साध्या फोनपाशी थांबलो होतो. त्यानंतर आमच्या बोईसरच्या गाडीत शिरला तो सरकणारा फोन. वरचा भाग अंगठ्यानं ढकलला की खट्ट, आणि खालून आकड्यांची बटणं बाहेर. २००६ मध्ये आलेला नोकियाचा ५३०० एक्सप्रेसम्युझिक आणि पुढच्या वर्षीचा सोनी एरिक्सनचा डब्ल्यू ५८० वॉकमन, हे त्यातले गाजलेले.

डहाणूपर्यंत लोकल आली ती २०१३ मध्ये. त्याआधी तारापूर एमआयडीसीत पाळीला जाणारे शटल पकडायचे. एक हात वरच्या कडीला, दुसरा खिशात. या फोनची खरी करामत त्या दुसऱ्या हातासाठी होती. ५३०० मध्ये गाणं थांबवायची, पुढं-मागं करायची बटणं पडद्याच्या कडेलाच दिली होती. फोन न उघडता, न बघता अंगठा बरोबर तिथं जायचा. ५८० मध्ये तर वॉकमनचं बटण दाबून मनगटाला झटका दिला की गाणं बदलायचं. बटण दाबून ठेवायची अट होती म्हणून बरं, नाहीतर सफाळ्यापर्यंत गर्दीच्या धक्क्यांनीच शंभर गाणी बदलली असती!

सरकत्या फोनचं दुखणं मात्र ठरलेलं. वरचा पडदा आणि खालचं सर्किट यांना जोडणारी पातळ लवचिक पट्टी प्रत्येक खट्टला वाकते. दुकानदार तिला 'स्ट्रिप' म्हणतात. ती झिजली की पडदा पांढरा पडतो, बाकी फोन ठणठणीत.

एफएमसाठी इअरफोन लावावाच लागे, कारण त्याची वायर हीच अँटेना. मुंबई मागं पडत जाईल तशी खरखर वाढायची. मग आधार कार्डाचा, म्हणजे मेमरी कार्डाचा. १२८ केबीपीएसचं पाच मिनिटांचं गाणं सुमारे पाच एमबी, म्हणजे एक जीबीत दोनेकशे गाणी. पण नोकियात मायक्रोएसडी आणि सोनीत एम२, त्यामुळे याचं कार्ड त्याच्या फोनात जाईना. मग दोन फोन शेजारी ठेवून ब्लूटूथ. पालघर स्टेशनपासून उमरोळीपर्यंत एखाददुसरं गाणं आरामात पोचायचं.

गाणी भरून देणाऱ्या दुकानांत हिंदी होतं, कोळीगीतं होती. गावच्या नाचातला तारपा हवा असेल तर मात्र स्वतः रेकॉर्ड करायचा. इथं या संगीतवाल्या फोनचा कमकुवतपणा उघडा पडला. ध्वनिमुद्रणाचा एएमआर हा प्रकार मुळात बोलण्यासाठी बेतलेला. मिनिटाला जेमतेम ९० केबी, म्हणजे एमपी३ चा दहावा हिस्सा. आणि ही बचत करताना खालचे-वरचे सूर कापले जातात. माणसाचं बोलणं त्यात कळतं. पण तारपा म्हणजे भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा कर्णा. वाजवणारा श्वास न तोडता फुंकत राहतो आणि सुरावटीखाली एक जाड घुमारा अखंड चालू असतो. फोनमधून परत ऐकताना सुरावट यायची, नाचणाऱ्यांच्या पायांची थाप कशीबशी यायची. घुमारा गावातच राहून गेलेला असायचा.